इंदूताईंची सावड

इंदूताईंचा मला अजून राग येतो. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, तरी खालापूरकडे निघालेली एसटी दिसली की आधी पाय थांबतात आणि मागोमाग राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये, असं लोक सांगतात. सांगणाऱ्यांना इंदूताई भेटल्या नव्हत्या.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. कर्जतला एक लहानसं इस्पितळ होतं. बायकांचा एक वॉर्ड, पुरुषांचा एक, मधे व्हरांडा, मागे नर्सना राहायला दोन खोल्या आणि अंगणात बदामाचं झाड. मी दहिवलीची, नुकतीच नर्सिंग शिकून आलेली, आणि त्याची घमेंड नाकावर बसलेली. इंदूताई तिथल्या सगळ्यांत जुन्या सिस्टर. ठेंगण्या, सावळ्या, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला असा खोचलेला की आता या चिखलात उतरणार असं वाटावं. माहेर आणि सासर दोन्ही खालापूरच्या बाजूचं, भातशेतीवाल्यांचं. खुर्चीवर बसून त्यांना चहा गोड लागत नसे. व्हरांड्याच्या पायरीवर उकिडवं बसायचं, बशीत ओतायचं आणि फुर्र करून प्यायचं. मोठे डॉक्टर समोरून आले तरी बशी खाली ठेवत नसत. नुसती मान हलवत.

पहिल्या दिवशी माझी ड्यूटी संपली आणि त्यांची सुरू झाली. मी टेबलापाशी उभी राहून शिकवल्याप्रमाणे सांगायला लागले, "खाट नंबर चार, ताप उतरला, गोळी दिली. खाट नंबर पाच..."

"खाटेला ताप येतो गं?" त्यांनी विचारलं.

मी हातातल्या कागदात बघायला लागले.

"चला म्याडम." त्यांनी मला दंडाला धरून चार नंबरच्या खाटेपाशी नेलं. खाटेवर भिसेगावची एक बाई होती. इंदूताई म्हणाल्या, "तिचा हात हातात घे. आता सांग मला, दिवसभर काय काय झालं ते. तिच्यासमोर सांग. चुकलीस तर तीच सांगेल. सांगून झालं की तिचा हात माझ्या हातात दे. मग ती माझी. तोवर तुझीच."

मी सांगितलं, हात दिला. इंदूताईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि त्या बाईला विचारलं, "सांगायचं काय राहिलंय का गं बाय?"

सगळ्या वॉर्डभर त्यांनी हे असंच करायला लावलं. पुरुषांच्या वॉर्डातसुद्धा. मला हसू आवरेना. घरी जाऊन मी आईला त्यांची नक्कल करून दाखवली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डोंगरातल्या वाडीवरून एका म्हातारीला झोळीत घालून आणलं. दोन बाप्ये बांबू खांद्यावर घेऊन तेवढी वाट उतरले होते. म्हातारीला हगवण लागलेली, अंगात त्राण नाही, पण अंथरुणावर ठरेना. सारखी उठून बसे, दाराकडे बघे. मी दटावलं, दुसरीनं दटावलं. म्हातारी ऐकेना. दुपारी इंदूताई ड्यूटीवर आल्या. मी म्हातारीचा हात त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. म्हातारी इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती, ती एकदम रडायलाच लागली. तिची शेळी दाराशी बांधलेली राहिली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि शेळीपुढे ना पाला ना पाणी.

इंदूताईंनी झोळीवाल्यांपैकी एकाला, तो बाहेर बिडी ओढत होता, तसाच परत वाडीवर पिटाळला. त्या रात्री म्हातारी झोपली. दुसऱ्या दिवशी ड्यूटी बदलताना इंदूताईंनी म्हातारीचा हात माझ्या हातात दिला आणि सांगितलं, "सलाईन चालू हाय. लघवी झाली. शेळी शेजारणीनं नेली." अगदी त्याच क्रमानं, त्याच आवाजात. मी नंतर कधी नक्कल केली नाही.

पण इंदूताईंची खरी करामत वेगळीच होती. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत सावड चालते. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही, फक्त आलेल्याच्या शेतावर आपण जायचं. इंदूताईंनी ती सावड चिखलातून उचलून इस्पितळात आणली होती. आम्ही मोजक्याच नर्सेस. एकीची सासू आजारी, एकीचं लेकरू अंगावर पिणारं, एकीकडे लावणीला माणूस नाही. मोठे डॉक्टर भिंतीवर ड्यूटीचा चार्ट लावत. त्याला इंदूताई साहेबांचं पंचांग म्हणत आणि पंचांग बघूनच लग्नं लागतात थोडीच, असंही म्हणत. ज्या दिवशी जिला घरी नड असेल तिनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिची ड्यूटी करायची, मग कधीतरी पहिलीनं दुसरीची. हिशोब कुणी ठेवायचा नाही. नियम एकच. जे ठरवायचं ते समोरासमोर उभं राहून तोंडानं बोलायचं. कुणाच्या हाती निरोप पाठवायचा नाही.

या सावडीवर सगळ्यांत जास्त जगली ती शारदा. भिसेगावात राहायची, तोंडानं फटकळ, कामाला वाघीण. तिचं पहिलं मूल सटवाईनं नेलं असं तिची सासू म्हणायची. दुसरी मुलगी, मनी, तेव्हा अंगावर पीत होती. सासू मनीला घेऊन इस्पितळाच्या फाटकाशी यायची. तेवढ्यापुरतं शारदाचा वॉर्ड कुणीतरी हातात घ्यायचं. बहुतेक वेळा ते कुणीतरी म्हणजे इंदूताईच.

एका गौरीच्या सणाला हा नियम मोडला. कुसुम नावाची आमच्यातली एक नर्स होती. तिला घरी पूजा होती. दुपारची ड्यूटी तू कर, असा निरोप तिनं दूधवाल्याबरोबर शारदाला धाडला. दूधवाल्यानं निरोप पोचवला, पण शारदाच्या सासूच्या कानावर. सासूला गौरीच्या दिवशी सून घरात हवी होती. तिनं निरोप पोटात ठेवला आणि सुनेला पुरणाला बसवलं.

दुपारी कुसुम नाही, शारदा नाही. सकाळची ड्यूटी संपलेल्या इंदूताई एकट्या दोन्ही वॉर्ड सांभाळत राहिल्या. बायकांच्या वॉर्डात एकीला कळा सुरू झालेल्या. तेवढ्यात पुरुषांच्या वॉर्डातला तापकरी म्हातारा भ्रमात उठला, व्हरांड्यात पडला आणि त्याचं मनगट मोडलं. संध्याकाळी त्याच्या गावची माणसं फाटकात जमली आणि जे काय बोलायचं ते बोलली. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

डॉक्टरांनी आम्हांला रांगेत उभं केलं. "उद्यापासून चार्ट म्हणजे चार्ट. अदलाबदल बंद. जिला जमत नसेल तिनं राजीनामा द्यावा."

माणूस वाईट नव्हता. घाबरला होता. पण चार्टप्रमाणे शारदाला लागोपाठ रात्रपाळ्या आल्या. मनी रात्रभर घरी टाहो फोडायची आणि इकडे शारदाचं पोलकं ओलं व्हायचं. थोड्या दिवसांनी तिनं इंदूताईंना सांगितलं, "ताई, मी सोडते. माझं पयलं पण गेलंय. हे तरी राहू दे."

इंदूताईंनी चहाची बशी पायरीवर ठेवली, तशीच भरलेली, आणि उठून डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं. आम्ही व्हरांड्यात कान देऊन उभ्या.

"साहेब, चूक सावडीची नाय. चूक निरोपाची हाय. निरोप तिसऱ्याच्या हाती गेला."

"आणि उद्या पुन्हा गेला तर?"

"मी बघीन. माझ्यासमोर बोलल्याबिगर कुणी ड्यूटी बदलणार नाय."

"बोलूनही आली नाही एखादी, तर?"

"तर मी उभी राहीन."

"कायम?"

"नोकरीत हाय तोवर. शब्द देते."

डॉक्टरांनी उघड्या दारातून आमच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे, सिस्टर. तुमच्या शब्दावर."

शारदा व्हरांड्याच्या खांबाला धरून रडली. तिची नोकरी राहिली, मनी वाढली, आमची घरं चालली. त्या एका शब्दावर. आणि तो शब्द आम्ही सगळ्यांनी किती सहज वापरला! इंदूताई आहेत ना, हे आमच्या तोंडचं पालुपद झालं. त्या मागच्या खोलीतच राहायच्या. आधी सुटीला गावी जायच्या, शब्द दिल्यापासून तेही जवळजवळ बंद झालं. मूलबाळ नव्हतं. त्यांचे यजमान, दत्तूदादा, शेतावरून वेळ काढून एसटीनं यायचे. सहा फुटी माणूस, पण बोलणं नाही. बदामाखाली बसायचे, फडक्यात बांधून आणलेली भाकरी सोडायचे. दोघं शेजारी बसून जेवायची. मग ते फडकं झटकून घडी करायचे आणि "बरं" म्हणून निघायचे. एवढाच त्यांचा संसार आम्ही पाहिला.

आणि सावड फेडून मात्र कधी घ्यायच्या नाहीत. "ताई, तुमची एक ड्यूटी मी करते, गावी जाऊन या," असं कुणीही म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "ठेव गं. लागली तर मागीन." एकदा मी चिडून म्हणाले, "ताई, गावात अशी वागली असती बाई, तर तिच्या बांधावर कुणी पाय ठेवला नसता. घेत नाही ती सावड कसली?" त्यांना इतकं हसू आलं की चहा सांडला. "म्याडमला आता अक्कल आली," म्हणाल्या.

ज्यांनी आम्हांला सगळं तोंडानं सांगायला शिकवलं, पेशंटच्या शेळीपर्यंत, त्यांनी स्वतःचं काही कधी सांगितलं नाही. ते आमच्या लक्षातच आलं नाही. इंदूताईंना काय होतंय!

मग एका वर्षी त्या सलाईनची बाटली टांगायला मला हाक मारू लागल्या. "उंची नाय माझी," म्हणायच्या. उंची आधीही नव्हती, तेव्हा स्टुलावर चढायच्या. पेशंटचा हात एकाच हातात घ्यायला लागल्या, उजव्या. डावा पदराखाली.

संक्रांतीनंतरचे दिवस असतील. मनी आता शाळेत जायला लागली होती. शाळेतून परस्पर इस्पितळात यायची. त्या दिवशी ती धावत आली आणि पायरीवर बसलेल्या इंदूताईंना बाजूनं तिनं कडकडून मिठी मारली. इंदूताईंच्या तोंडून जो आवाज आला तो मी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. तोंड पांढरंफटक. मनी घाबरून मागे सरली.

शारदा ड्रेसिंगरूमच्या दारात उभी होती. ती आली, इंदूताईंना उजव्या दंडाला धरून आत नेलं आणि आतून कडी लावली. बाहेर आम्हांला आधी दोघींचे आवाज ऐकू आले, मग काहीच नाही. दार उघडलं तेव्हा शारदा जमिनीवर बसली होती. इंदूताई पोलक्याची बटणं लावत उभ्या होत्या.

"कधीपासून हाय?" शारदानं विचारलं. तिनं ते आधीही विचारलं असणार. आता आमच्यासमोर पुन्हा विचारत होती.

"लावणीच्या आधीपासून."

लावणी होऊन भात कापून उडव्या रचून झाल्या होत्या.

"आणि बोलली नाईस? तू? नर्स असून?"

"बोलले असते तर मुंबईला धाडलं असतंत. ऑपरेशन, विजेचे शेक, महिनेच्या महिने. इथं उभं कोण राहणार होतं? शब्द दिलाय मी."

"आमी मेलो होतो काय गं?" शारदा ओरडली. सगळा वॉर्ड ऐकत होता. "एकदा तोंड उघडायचंस. एकदा!"

इंदूताईंनी शेवटचं बटण लावलं. मला वाटतं, आम्ही उभ्या राहिलो असतो हे त्यांना खरंच कधी सुचलं नव्हतं. त्याचाच मला राग येतो. दुसऱ्याला उभं करायची विद्या त्यांच्याकडे होती, दुसऱ्याच्या जिवावर आपण आडवं व्हायची नव्हती.

डॉक्टरांनी स्वतः त्यांना आणि दत्तूदादांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. परत आले तेव्हा डॉक्टर आपल्या खोलीत न जाता बदामाखालीच उभे राहिले. छातीतली गाठ काखेत, तिथून पाठीच्या हाडांत पसरली होती. कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तो शब्द मी मागायला नको होता," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग आत गेले, भिंतीवरचा चार्ट काढला आणि शारदाच्या हातात दिला. "तुम्हीच ठरवा कोण कधी." कोण उभं राहणार, हे त्यांनी विचारलं नाही.

मग इंदूताई गावी गेल्या आणि आमची सावड खालापूरच्या वाटेला लागली. आज एक, उद्या दुसरी. सुटी असेल तिनं जायचं, नसेल तर कुणीतरी तिची ड्यूटी करायची. एसटीनं जायचं, मग थोडं चालायचं. राब भाजायचे, पेरणीसाठी पालापाचोळा पसरून जमीन जाळायचे दिवस आले होते. सगळ्या शेतांतून धूर निघत असायचा. दत्तूदादांनी खाट ओटीवर आणून ठेवली होती, तिथून इंदूताईंना आपलं शेत दिसायचं.

पहिल्या दिवशी शारदाला बघून त्या म्हणाल्या, "एवढी सावड नको गं. मी कुठं फेडू?"

"तू फेडून बसलीस. आमी राहिलोय," शारदा म्हणाली आणि इंजेक्शनची सुई उकळायला चुलीकडे गेली.

आम्ही तिथंही त्यांच्याच पद्धतीनं वागलो. एक जायची, दुसरी यायची, मधे त्यांचा हात. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि चुका काढायच्या. "पेज किती घेतली ते सांगितलं नाईस." शेवटी आम्ही विचारायचो, "ताई, सांगायचं काय राहिलंय?" त्या म्हणायच्या, "काय नाय." दर वेळी तेच. "काय नाय."

एसट्यांचं गणित जमायचं नाही. एकीला निघावं लागे आणि दुसरी पोचलेली नसे. सुरुवातीला आम्ही दत्तूदादांना नुसतं "येतो" म्हणून निघायचो. एके दिवशी ते ओटीच्या खांबापाशी उभे होते. पायांकडे बघत मला म्हणाले, "मलाबी द्या की."

"काय, दादा?"

"हात. सांगून द्या. तुमी एकमेकींना देता तसा."

मी इंदूताईंचा हात त्यांच्या हातात दिला. इंजेक्शन केव्हा दिलं, पाणी कितपत घेतलं, सगळं सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते. दुसऱ्या खेपेला मी पोचले तेव्हा त्यांनी हात माझ्या हातात देऊन सांगितलं, "ताप नाय. पेज घेतली, दोन घोट. कूस बदलली. जरा डोळा लागला व्हता." बायकोविषयी एवढी वाक्यं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. इंदूताईंनी डोळे न उघडता म्हटलं, "बरं शिकले."

शेवटच्या दिवशी, म्हणजे तो शेवटचा आहे हे माहीत नव्हतं तेव्हा, मला निघायचं होतं. शारदा दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. इंदूताई फार वाळल्या होत्या. खाटेवर पांघरूणच दिसायचं. मी सगळं सांगितलं, त्यांचा हात दत्तूदादांच्या हातात दिला आणि सवयीनं विचारलं, "ताई, सांगायचं काय राहिलंय?"

उत्तर माहीत होतं, म्हणून मी पिशवी उचलली होती.

"राहिलंय," त्या म्हणाल्या.

मी थांबले. त्यांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. दत्तूदादांकडे बघितलं.

"मला जायचं नाय वो," त्या म्हणाल्या. "मला भ्या वाटतंय. तुमच्यासंगं ऱ्हायलेच नाय मी."

दत्तूदादा खाली बसले, जमिनीवर, खाटेला टेकून. हात सोडला नाही. "आता ऱ्हा," एवढंच ते म्हणाले. मी तिथं थांबणं बरं नव्हतं. मी ओटीवरून उतरले. बांधावरून मागे वळून बघितलं तर धुरामुळे दोघं धड दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी नव्हती. तरी मी शारदाबरोबर गेले. घर शांत होतं. दारात कुणी नाही, चूल विझलेली. ओटीवर दत्तूदादा काल बसले होते तसेच जमिनीवर बसलेले. त्यांनी अजून कुणाला हाक मारली नव्हती. आम्हांला बघून ते खाटेला धरून उठले. मी पुढे होते. इंदूताईंचा हात त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या हातात दिला.

"पाणी घेतलं व्हतं," ते म्हणाले. "लई बोलली. पहाटंपातूर बोलत व्हती. मंग गार पडली." मग त्यांनी आठवून, शिकवल्याप्रमाणे, उरलेलं सांगितलं. "सांगायचं काय नाय राहिलं."

शारदा मागे वळून खांबाला डोकं लावून उभी राहिली. मी हात धरून उभी होते. पुढे कुणाच्या हातात द्यायचा, ते इंदूताईंनी शिकवलं नव्हतं.